रात्र कुणाच्या बापाची?



रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटं झालेली. डिलाईल रोडला चाळीसमोर म्हातारा शाहीर बाबासाहेबांवर गात होता. ना मांडव, ना तिकीट. तिसरं कडवं चालू होतं. हवालदार आला आणि हलगी काढून घेतली. म्हणाला, "दहा वाजले. कायदा हाय." पलीकडं गिरणीच्या जुन्या आवारातून बारचा ठोका धाडधाड येत होता. मी म्हणालो, साहेब, तो आवाज? तर म्हणतो, "ते आत हाय रे."

यातच सगळं आलं. गावात आपण वेशीबाहेर, शहरात भिंतीबाहेर.

2000 चे ध्वनिप्रदूषण नियम वाचा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. 2010 च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. सूट कुणाला? बंदिस्त जागेला. भिंतीबाहेर किती आवाज जावा याचीही मर्यादा त्यातच आहे, पण ती मोजायला हवालदार जात नाही. 2020 च्या जानेवारीत सरकारनं मुंबईची रात्र खुली केली, ती मॉलची आणि गिरण्यांच्या आवारांची. म्हंजे फाटकाच्या आतली.

ही रात्र जागवली कुणी? माझा आजा साचेखात्यात होता. तिन्ही पाळ्या चालायच्या, म्हणून गिरणगावचा रस्ता झोपायचा नाही. भीमराव कर्डकांसारखे जलसेवाले वस्तीवस्तीत उभे राहिले. 1944 ला अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचं ते वर्तमानपत्र होतं. 1982 च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. पुढं गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या, आणि आपली रात्रही साली जमिनीबरोबर विकली गेली.

पण नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. आपण काय करतो? जयंतीला वर्गणी काढून डीजे आणतो. छाती हादरते, शब्द एक ऐकू येत नाही. आणि शाहिराची बोळवण चहावर! आजारी म्हातारीला झोप पाहिजे, हे मलाही कळतं. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, झोपेची किंमत मला कुणी शिकवू नये. पण मग कायदा भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा लावा.

तेव्हा डीजेचे पैसे शाहिराला द्या. संध्याकाळी सातलाच रस्त्यावर उभे राहा. हलगी नेली तर कलम विचारा, लेखी पावती मागा. दहा वाजले की हलगी खाली ठेवा आणि नुसत्या टाळीवर गा.

गळा काय जप्त करणार?

जयभीम.