काचखोलीतली द्राक्षवेल

घराला लागून काचेची खोली बांधायची, तीत वेताच्या खुर्च्या मांडायच्या आणि बसल्याबसल्या हात वर करून घड तोडता यावा म्हणून कोपऱ्यातल्या कुंडीत एक द्राक्षाची वेल लावायची, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्याला वेलीशी काही कर्तव्य नव्हते. त्याला चित्राशी कर्तव्य होते. विलायतेत हे चित्र अनेक घरांत पाहायला मिळते, आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनीही ते हौसेने उचलले आहे. माझ्याच नात्यातले एक जोडपे गेली चार वर्षे फोनवर एकच रडगाणे गात आहे. वेल माजली आहे, छत झाकून गेले आहे, पण फळ म्हणाल तर वाटाण्याएवढे, आणि तेही पिठासारख्या बुरशीने माखलेले. "काका, नाशिककडे काय करतात ते सांगा ना!"

मी काही कृषिपदवीधर नव्हे. मुलांना व्याकरण शिकवणारा आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पण द्राक्षाच्या मुलखात जन्म गेला, तेव्हा सांगितले. ते त्यांना रुचले नाही. थंडीत वेलीची खोली गार ठेवा, असे मी म्हटल्यावर सूनबाई म्हणाल्या, "मग आम्ही बसायचे कुठे?" साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका प्रश्नात आहे. खोली माणसाच्या उबेसाठी बांधलेली, आणि वेलीला हवी हिवाळ्याची झोप. दोघांचे एका छताखाली जमायचे कसे?

यावर एक हुकमी प्रतिवाद येतो, आणि तो ऐकायला मोठा बिनतोड वाटतो. नाशिकला कुठे बर्फ पडतो? तिथे वेल झोपत नाही, तरी घडांनी वाकते. मग आमच्या गरम खोलीतच काय बिघडले? बिघडले असे की, नाशिकला ऊब आहे तसे ऊनही आहे. लंडनचा डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि तोही बहुधा ढगांआड गेलेला. काचेच्या आत शेगडी पेटवून तुम्ही उष्णता आणाल. सूर्य कोठून आणणार? वेल बिचारी उबेला फसून अवेळी जागी होते आणि प्रकाशावाचून लांबट, फिकट फुटवे काढते. शिवाय नाशिककर वेलीला मोकळी सोडतो असे कोणी सांगितले? निसर्ग तिला झोपवत नाही, म्हणून तिकडे कात्री तिला वर्षातून दोनदा भानावर आणते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कित्येक बागांत छाटणी होऊन ओलांड्यांवर काड्यांचे खुंट तेवढे उरलेले असतील. परगावचा पाहुणा ते पाहून हळहळतो. बागाईतदार हळहळत नाही, कारण फळ नव्या फुटीवर धरते हे त्याला पक्के माहीत असते.

विलायतेतल्या जुन्या माळ्यांनाही हे माहीत होते. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यातली प्रसिद्ध वेल १७६८ साली लावलेली आहे. जात ब्लॅक हॅम्बर्ग. आज अडीचशे वर्षे उलटून गेली तरी ती दर साल शेकडो किलो द्राक्षे देते. तिचे फक्त शरीर काचेखाली आहे. मुळे काचघराबाहेरच्या जमिनीत आहेत, आणि त्या जमिनीत दुसरे काहीएक लावत नाहीत. जुन्या काचघरांची रीत हीच होती. मूळ बाहेर, खोड भिंतीतून आत. हिवाळ्यात झडपा सताड उघड्या. नाताळाच्या सुमारास वेल निद्रिस्त असताना फांद्या एक-दोन डोळ्यांवर कापायच्या, कारण उशीर झाला की कापल्या जागेतून रस ठिबकत राहतो. जुनी सुटी साल काढून टाकायची, म्हणजे तीखाली दडलेले पिठ्या ढेकूण उघडे पडतात. पहिली दोन वर्षे घड धरू द्यायचा नाही. तिसऱ्या वर्षी दोनतीन, फार नाहीत. पुढे मणी धरले की बारीक कात्रीने त्यांची विरळणी. आमच्याकडच्या मजूरबाया हेच काम दिवसभर हात वर करून करतात; चित्रातल्या त्या हात वर करणाऱ्याने एक दिवस हे करून पाहावे!

कोणी म्हणेल, एका घरच्या हौसेवर एवढा गहजब कशाला? तर तो बुरशीसाठी. ज्या पिठाची तक्रार माझे नातलग करतात, तिला आमचे शेतकरी भुरी म्हणतात. युरोपात ती प्रथम कोठे नजरेस आली? इंग्लंडात, मार्गेट गावी, १८४५ साली, काचेखालच्या वेलींवर. टकर नावाच्या माळ्याने ती पाहिली आणि शास्त्रज्ञांनी तिला त्याचेच नाव दिले. दहा वर्षांच्या आत फ्रान्सच्या मळ्यांची दाणादाण उडाली. १८५४ साली तिथली वाइन पूर्वीच्या सुमारे चौथाईवर आली. गंधकाने तिला आवर बसतो न बसतो तोच १८६३ साली मुळे खाणारा फिलॉक्सेरा हा कीटक लंडनजवळ हॅमरस्मिथच्या एका काचघरात सापडला. पुढे त्याने सबंध युरोपचे मळे पोखरले. दोन्ही संकटे मूळची अमेरिकेची, आणि ती हौशी काचघरांनीच आणली असा आरोप मी करत नाही. पण दूरदेशीची जिवंत झाडे मागवण्याची जी चटक तेव्हा लागली होती तिने वाट मोकळी केली, हे कोण नाकारील? शौक एकाचा आणि चूल विझते दुसऱ्याची.

म्हणूनच "नाशिकच्या काड्या बॅगेतून आणू का?" या प्रश्नाला मी साफ नकार दिला, आणि इकडे येताना तिकडची काडी आणायलाही. परवाना आणि रोपाच्या आरोग्याचा दाखला हे सरकारी कटकटीचे कागद नाहीत. कर्ज काढून बाग उभारणाऱ्याला एका बॅगेतली हौस परवडणारी नाही.

तेव्हा, सूनबाई, दिवाळी झाली की खुर्च्या दिवाणखान्यात न्या, शेगडी विझवा, झडपा उघडा. कुंडी फोडून मूळ भिंतीबाहेर घ्या आणि नाताळात कात्रीला धार लावा. बसायला तीच खोली हवी असेल तर तिथे जास्वंद ठेवा. तिला ऊब आवडते.