पाचवीची परीक्षा आणि डिस्लेक्सिया: निकालाची वाट पाहू नका

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणारी मुलं माझ्या दवाखान्यात दरवर्षी येतात. पोट तपासलं तर काहीच सापडत नाही. मग मी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे करून एक ओळ वाचायला सांगतो. काही मुलं सहज वाचतात. काही मात्र पहिलं अक्षर ओळखतात आणि उरलेला शब्द अंदाजानं सांगतात. शेजारी बसलेली आई घाईनं म्हणते, "डॉक्टर, तोंडी विचारा ना, सगळं येतं त्याला. वाचायचाच कंटाळा करतो."

हा "कंटाळा" आता मुलाचं एक वर्ष घेऊ शकतो, म्हणून हा लेख.

नेमकं काय बदललं?

शिक्षण हक्क कायद्यामुळे पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही नापास करता येत नव्हतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रात ही पद्धत २०२३-२४ पासून आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन मिळतं आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा होते. तीही जमली नाही, तर पुन्हा तोच वर्ग.

अभ्यास मागे पडलेल्या मुलाला दोन महिन्यांचं मार्गदर्शन उपयोगी पडेल. पण डिस्लेक्सिया असलेलं मूल अभ्यासात नव्हे, वाचनात अडकलेलं असतं. ती अडचण दोन महिन्यांत सुटत नाही. त्याच पद्धतीनं तोच वर्ग पुन्हा केल्यानंही सुटत नाही. "मी ढ आहे" ही समजूत तेवढी पक्की होते.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

बोललेल्या शब्दातले आवाज वेगळे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं या मुलांच्या मेंदूला जड जातं. याचा बुद्धीशी संबंध नाही. घरात आणखी कोणाला असा त्रास असेल, तर शक्यता वाढते.

आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ चांगला असतो. त्यामुळे अनेक मुलं कशीबशी बरोबर वाचतात, पण फार हळू. म्हणून चुकांइतकंच वेगाकडेही लक्ष द्या. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारताना नंतर. "सर्व", "चक्र" आणि "ट्रक" या तीन शब्दांत "र" तीन वेगळ्या रूपांत दिसतो. "घ-ध", "भ-म" दिसायला जवळचे. अशा जागी मूल अडखळतं. मूल इंग्रजी माध्यमात असेल, तर तिथल्या बेभरवशाच्या स्पेलिंगमुळे अडचण आणखी उघडी पडते.

दुसरीच्या अखेरीसही साधे शब्द फोडून वाचावे लागत असतील, फळ्यावरून उतरवताना अक्षरं गळत असतील आणि तोंडी उत्तरं मात्र चांगली येत असतील, तर थांबू नका.

आधी काय कराल?

डोळे आणि कान तपासून घ्या. नंबर किंवा ऐकण्यातला दोष असेल, तर तो आधी दूर करायला हवा. डिस्लेक्सियावर औषध नाही. टॉनिक, रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही. तिथले पैसे वाचवा.

उपयोग होतो तो पायरीपायरीनं, आवाजापासून शिकवण्याचा. शक्य असेल तर हे काम विशेष शिक्षकांकडून करून घ्या. घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात:

- पुस्तक न घेता आवाजाचे खेळ खेळा. "कमळ"मधला "क" काढला तर काय उरलं?
- एका वेळी एकच अक्षर घ्या. पाटीवर किंवा रव्यात बोटानं गिरवताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायला सांगा.
- काना पक्का झाल्यावर वेलांटी, मग पुढची मात्रा. जोडाक्षरं शेवटी.
- गोष्टी तुम्ही वाचून दाखवा. वाचन कच्चं म्हणून मुलाचा शब्दसंग्रह आणि ज्ञान मागे राहायला नको.
- पाहुण्यांसमोर किंवा भावंडांच्या तुलनेत वाचायला लावू नका.

प्रमाणपत्र कशासाठी?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. महाराष्ट्रानं तर अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली होती. जादा वेळ आणि लेखनिक या त्यातल्या मुख्य. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. ते साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं. तपासणीसाठी एकाहून जास्त फेऱ्या होतात, म्हणून तिसरीतच सुरुवात करा. पाचवीच्या परीक्षेत कोणती सवलत मिळेल, हे शाळेला लेखी विचारा.

"दिव्यांग" हा शब्द ऐकून अनेक पालक मागे फिरतात. "लोक काय म्हणतील, डॉक्टर?" असं मला विचारतात. चष्मा लावायला आपण लाजत नाही. जादा वेळही तशीच एक सोय आहे. मात्र सवलत मिळाली म्हणून वाचन शिकवणं थांबवू नका. सवलतीनं पेपर सुटतो, पण औषधाच्या बाटलीवरचं नाव आणि बसची पाटी मुलाला पुढे स्वतःच वाचायची आहे.

मूल आज दुसरी-तिसरीत असेल, तर तुमच्या हातात वेळ आहे. या आठवड्यात त्याला एक अनोळखी परिच्छेद वाचायला द्या आणि न रागावता, न सुधारता नुसतं ऐका. अडखळणं खूप वाटलं, तर वर्गशिक्षकांना भेटा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पाचवीत असेल तरी उशीर झालेला नाही. पण निकालापर्यंत थांबू नका.