घरी आलं म्हणजे ऑपरेशन संपलं?

मैत्रिणींनो, मूतखड्याचं दुखणं आता घरोघरी झालं आहे. पूर्वी खडा काढायचा म्हणजे पोटावर मोठी चीर घेत. आता लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून खडा फोडतात आणि एक-दोन दिवसांत माणूस घरी येतं. "एक टाकासुद्धा नाही हो!" असं आपण कौतुकाने चार जणींना सांगतो आणि फाइल कपाटात ठेवून देतो. पण पुष्कळदा या ऑपरेशनचा शेवटचा भाग व्हायचा राहिलेला असतो. तो विसरला, तर किडनीवर बेतू शकतं.

त्याचं असं आहे. किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रवाहिनीला दुर्बिणीमुळे आतून सूज येते. त्या सुजेने लघवी अडून किडनीत तुंबू नये, म्हणून डॉक्टर आत एक मऊ, बारीक नळी ठेवतात. वीतभर किंवा थोडी जास्तच लांब. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. ती जागची हलू नये म्हणून दोन्ही टोकं इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळवलेली असतात, म्हणून नाव 'डबल जे', बोलताना 'डीजे स्टेंट'. १९७८ साली अमेरिकेतले डॉ. रॉय फिनी यांनी अशा नळीची माहिती प्रसिद्ध केली आणि तिचा वापर जगभर सुरू झाला. गरोदरपणी खड्यामुळे लघवी अडली, किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनात मूत्रवाहिनीला इजा झाली, तरी ही नळी घालावी लागते.

नळी उपयोगाची खरी, पण ती कायमची ठेवायची नसते. काहींना तिच्यामुळे लघवीला सारखं जावं लागतं, जळजळ होते, लघवी करताना कुशीत दुखतं, दगदग झाली की लघवी लालसर होते. काहींना मात्र काहीच जाणवत नाही. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, आणि इथेच घात होतो!

बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो ना, तसेच लघवीतले क्षार नळीवर बसतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी सुमारे ९ टक्के नळ्यांवर असा थर होता. बारा आठवड्यांनंतर काढलेल्यांत हेच प्रमाण ७६ टक्क्यांवर गेलं होतं. पुढे थराचा खडा होतो, नळी आत चिकटते, ठिसूळ होऊन तुटते, जंतुसंसर्ग होतो. कधी तर किडनी कसलाही गाजावाजा न करता निकामी होत जाते. वेळेवर काढली तर काही मिनिटांचं काम. बहुधा जागा बधिर करून दुर्बिणीने काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. विसरली, तर तिच्यासाठी दोन-तीन ऑपरेशनंही करावी लागतात.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या दिरांचं असंच झालं. ऑपरेशन झालं, मागोमाग बदली झाली, नवं गाव, मुलांच्या शाळा. कार्डावर इंग्रजीत 'डीजे स्टेंट इन सिटू', म्हणजे नळी आत आहे, असं लिहिलं होतं. पण ते वाचलं कुणी? दोन वर्षांनी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा एक्स-रेत नळी दिसली. किडनी वाचली, पण घर महिनाभर हवालदिल होतं.

म्हणून एवढं करा :

१. घरी निघण्यापूर्वी स्पष्ट विचारा : नळी ठेवली आहे का? कोणत्या बाजूला? एक की दोन? काढायची कधी? हे कार्डावर मराठीत लिहून घ्या.

२. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, फोनमध्येही घाला. घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

३. सहसा काही आठवड्यांत नळी काढतात. डॉक्टरांनी खास कारणाने सांगितलं नसेल, तर तीन महिन्यांपलीकडे ढकलू नका. गरोदर बाईच्या नळीवर थर लवकर धरतो. तिची तारीख तर मुळीच चुकवू नका.

४. काढण्याचा खर्च आधीच विचारा आणि तेवढे पैसे बाजूला ठेवा. पैशांपायी हे काम लांबणीवर पडतं.

५. थंडी वाजून ताप, कुशीत असह्य कळा, लघवीत रक्ताच्या गाठी किंवा लघवी बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

घरातल्या पुरुषांची तारीख आपण लक्षात ठेवतो. स्वतःची मात्र "दिवाळी होऊ दे, परीक्षा होऊ देत" म्हणत पुढे ढकलतो. तसं करू नका, बायांनो. आजच फायली काढा. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल आणि नळी काढल्याची नोंद सापडत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. साध्या एक्स-रेत ती दिसते.