लोणावळ्याची प्रार्थना आणि केडगावचे मौन

१८९६ साली लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती प्रार्थना-शिबिरास पंडिता रमाबाई गेल्या होत्या. एके दिवशी पहाटे रानात एकान्ती बसल्या असता सूर्योदय झाला आणि त्यांच्या मनात एक विलक्षण मागणी उभी राहिली. आपल्या पंधरा मुली ख्रिस्ताकडे वळल्या आहेत; पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या २२५ व्हाव्यात! ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात नमूद केली आहे. प्रार्थनेला उत्तर मिळते याचा दाखला म्हणून ख्रिस्ती मंडळी ती मोठ्या आवडीने सांगतात.

संख्या भरली कशी, हे मात्र सांगताना ओझरतेच येते. त्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन परतल्या. त्या मुलींच्या आईबापांनीही मरताना कोणाला तरी हाक मारली असेलच. त्या हाकेचे काय झाले? या प्रश्नाशी क्षणभरही न थांबता जयघोष करणारी श्रद्धा मला उथळ वाटते. (धर्मांतराची ही मागणीच अनेकांना खटकेल. याच संशयावरून १८९३ साली रानडे-भांडारकरांनी शारदा सदनाशी असलेला संबंध तोडला होता. तो वाद स्वतंत्र आहे.)

रमाबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. १८७४ च्या सुमारास दुष्काळातल्या भटकंतीत त्यांचे आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. उपास, अनुष्ठाने, तीर्थस्नाने सारे करून झाले होते. देव धावून आला नाही, आणि त्या श्रद्धेवरून त्यांचे मन उडाले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथेही ओढ लगेच शमली नाही. पुढली सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली आहे.

अशी कबुली देण्याची सोय आमच्या चर्चमध्ये आज कितपत आहे? देव जाणवत नाही असे कोणी म्हणताच त्याच्या पापाचा शोध सुरू होतो, नाहीतर अधिक प्रार्थना करण्याचा उपदेश. वधस्तंभावरचा ख्रिस्तही देवाने आपल्याला का टाकले असे विचारूनच मेला, याचा उपदेशकांना विसर पडतो. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी कित्येक दशके अंतरात हाच काळोख सोसल्याचे उघड झाले आणि भाविक गडबडून गेले. मराठी माणसाने तरी गडबडण्याचे कारण नव्हते. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूस जाते. तेथे दुष्काळात पत्नी गमावलेले तुकोबा देवाशी भांडले, रुसले. वह्या बुडाल्यावर नदीकाठी निराहार बसले, पण उठून गेले नाहीत.

लोणावळ्याच्या प्रार्थनेत, तिचा सारा आदर ठेवूनही, हिशेब होता: इतके मागितले, इतके मिळावे. हिशेब जुळला. पण ज्याचा हिशेब जुळत नाही त्या ख्रिस्ती माणसाला या प्रार्थनेचा फारसा उपयोग नाही. त्याने केडगावच्या शेवटच्या महिन्यांकडे पाहावे. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती एक मुलगी, कामाची वारस, मनोरमा वयाच्या चाळिशीत वारली. या वेळीही देवाने हात दिला नाही. आईबापांच्या मृत्यूनंतर ज्या बाईने एक श्रद्धा सोडली, तिला दुसरीही सोडता आली असती. पण आता श्रद्धेच्या बदल्यात काही मागणेच उरले नसावे. हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर अपुरे होते. त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.