कुंपण केव्हा बदलावे?



गेल्या दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी कुहीच्या आमच्या जुन्या घरामागील सांदवाडीचे कुंपण मोडले. ते कितीतरी आधीच मोडलेले होते, हे त्या दिवशी कळले इतकेच. शेजारच्या काकाजींचे वासरू अंग घासण्यासाठी सागाच्या एका खांबाला टेकले. खांब जमिनीलगत काडीसारखा तुटला, काटेरी तार सैल होऊन वासराच्या अंगाभोवती अडकली आणि सुटण्याच्या धडपडीत त्याचा खांदा फाटला. पशुवैद्यकांना बोलावून टाके घालावे लागले, गंजलेल्या तारेची जखम म्हणून इंजेक्शनही द्यावे लागले. वासरू वाचले.

कुंपण आमचे होते. वडिलांनी ते सुमारे तीस वर्षांपूर्वी स्वतः उभे राहून घालून घेतले होते. म्हणून त्यांच्यामागे आईने त्याला हात लावू दिला नाही. आणि खरे सांगायचे तर खर्च टळतो, म्हणून मीही आग्रह धरला नाही. सायंकाळी काकाजींकडे जाऊन क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, “बाबू, तुझा एकट्याचा काय दोष? खांब वरून तं चांगला दिसत होता. तू वरूनच पाह्यलं, अन् मीही वरूनच पाह्यलं.”

तो दिवस उत्तम आर्जव धर्माचा होता. आत एक आणि बाहेर एक असे नसणे, हे आर्जव. सकाळी मंदिरात ऐकलेले प्रवचन सायंकाळी त्या तुटलेल्या खांबाने अधिक स्पष्ट करून सांगितले. तेव्हापासून कुंपण वरून न पाहता कसे पाहावे, हे मी जाणत्या सुतारांकडून आणि गवंड्यांकडून समजून घेतले. या महिन्याचा लेख त्याविषयीच आहे.

लाकडी खांब सर्वांत आधी कुजतो तो जमिनीच्या रेषेवर. वरचा भाग पावसात भिजला तरी उन्हावाऱ्याने वाळतो. खोल गाडलेल्या भागाला ओल असली तरी हवा फारशी मिळत नाही. जमिनीच्या पृष्ठाशी मात्र ओल आणि हवा दोन्ही एकत्र असतात आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नेमके तेच हवे असते. म्हणून खांबाच्या बुडाची माती चार-पाच बोटे बाजूला करावी आणि पेचकस लाकडात दाबून पाहावा. तो वरवर रुतून थांबला तर खांब शाबूत आहे. लोण्यात शिरावा तसा शिरला तर वरचे लाकूड कितीही टणक दिसो, त्या खांबाचे आयुष्य संपले आहे. मातीच्या बारीक नळ्या खांबावर चढलेल्या दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आत वाळवी आहे असे समजावे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. या दरवर्षीच्या हालचालीने चांगला खांबही हळूहळू कलतो. कललेला खांब म्हणजे कुजलेला खांब नव्हे. तो सरळ करून, खड्ड्यात काळ्या मातीऐवजी मुरूम ठोकून भरला, तर पुष्कळ वर्षे उभा राहतो. उलट कुजलेला खांब कित्येकदा अगदी सरळ उभा असतो, कारण त्याला दोन्ही बाजूंच्या तारांनी धरून ठेवलेले असते. आमचा खांब असाच होता.

सिमेंटच्या खांबाची परीक्षा निराळी. त्यावर उभी चीर पडली आणि चिरेतून तांबूस डाग ओघळला, तर आतील लोखंडी सळई गंजू लागली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन सिमेंट फोडतो. वरून गिलावा केल्याने तो थांबत नाही. लोखंडी अँगलही जमिनीलगतच आधी गंजतो. तेथे पापुद्रे सुटत असतील, तर खरवडून किती धातू उरला आहे ते पाहावे. तारेवरील जस्ताचा मुलामा झिजला की ती लाल होते. पकडीने एकदा वाकवून पाहावी; कट्कन तुटली, तर तिच्यात ताण सोसण्याचे बळ राहिलेले नाही.

आता मूळ प्रश्न. एखादा-दुसरा खांब गेला असेल, तर तेवढाच बदलावा. जुने झाले म्हणून सगळे उपटणे हा अपव्यय आहे. परंतु ओळीने तीन-चार खांब गेले असतील, एकाच पावसाळ्यात दोनदा डागडुजी करावी लागली असेल, किंवा तार आणि खांब दोन्ही एकदमच थकले असतील, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. नवी तार कुजक्या खांबावर ताणली, तर ती खांबच ओढून पाडते.

काढण्यापूर्वी आणखी एक काम करावे लागते. जुने कुंपण ही केवळ आडभिंत नसते, तर दोन घरांमधील हद्दीची ती खूण असते. हद्दीच्या खुणा जपणे हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमीनधारकाचे कर्तव्य आहे. म्हणून शेजाऱ्यांना बोलावून, दोघांच्या देखत, जुन्या खांबांच्या जागी खुंट्या रोवून छायाचित्रे घ्यावीत आणि मगच खांब उपटावेत. शंका असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणी करून घ्यावी.

आम्ही मोजणी केली. आमचे कुंपण एका टोकाला काकाजींच्या जागेत दीड फूट शिरलेले निघाले. तीस वर्षे ती पट्टी आमच्याकडे होती. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये, दुसऱ्याच्या विरुद्ध बारा वर्षे चाललेल्या ताब्याचा जो विचार आहे, त्यावरून वाद घालता येईल, असे एका परिचिताने सुचवलेही. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा ठरवायची, त्यांत क्षेत्र आणि वास्तू अगदी आरंभी येतात. मोजलेल्यापेक्षा अधिक बाळगणे हा त्या व्रताचा अतिचार. मला भीती होती ती आईची. वडिलांनी घातलेली रेषा चुकीची होती, हे तिला कसे सांगावे? मी कागद तिच्यापुढे ठेवला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तेव्हा मोजणी कुठे केली होती? दोरी लावून घातलं होतं. दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं.” मग तिनेच विचारले, “नवे खांब कधी येणार?”

खांब मात्र लगेच आणले नाहीत. चातुर्मासात ओली जमीन जीवजंतूंनी भरलेली असते. तेव्हा खणणे आपल्याकडे टाळतात. व्यवहारही तेच सांगतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि खड्ड्याच्या भिंती ढासळतात, वैशाखात तीच जमीन दगडासारखी होते. कार्तिकी पौर्णिमेनंतर जमिनीत ओल असते पण चिखल नसतो. तो काळ उत्तम. तोवर मोडकी तार गुंडाळून ठेवली आणि वासरू येऊ नये म्हणून बांबूचे तट्टे बांधले. जुने खांब काढल्यावर ते लगेच पेटवले नाहीत. त्यांच्या भेगांत मुंग्या, कोळी, पाली यांची वस्ती होती. म्हणून ते काही दिवस बांधाच्या कडेला आडवे टाकून ठेवले.

नवे कुंपण कसे असावे, हे ते कोणाला अडवायचे आहे त्यावर ठरते. आम्हाला गुरे थोपवायची होती, माणसे नव्हे. सिमेंटचे खांब, त्यांच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा जमिनीत, भोवती मुरूम, बुडाशी पाणी बाहेर वाहून जाईल असा सिमेंटचा उतार आणि काटे नसलेली जाळी, एवढे पुरले. जाळीच्या आतून मेंदी लावली आहे. सजीव कुंपणाला छाटणीचे कष्ट पडतात, पण ते कुजत नाही आणि त्यात पडलेली खिंड ते स्वतःच भरून काढते. भिंतीवर काचा रोवण्याची चाल अजून काही घरांत आहे. त्या काचांवर चोरापेक्षा मांजराचा पाय पडण्याचा संभव अधिक.

गावाबाहेर शेतघर असलेल्यांना एक विनंती. उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य आपल्या तालुक्यापर्यंत पसरले आहे आणि रानडुकरांचा उपद्रव खरा आहे. तरीही कुंपणाच्या तारेत वीज सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि ती तार डुक्कर कोणते आणि माणूस कोणता हे ओळखत नाही. याच अभयारण्यातील प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा वंशज ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडजवळ अशाच तारेने मेला. सौर कुंपण वेगळे. त्यातील यंत्र क्षणभराचे झटके देते, जनावर दचकून मागे फिरते आणि जिवंत राहते.

नव्या कुंपणाचा पहिला खांब काकाजींच्या हातून रोवला. दीड फूट मागे. वासरू आता मोठे झाले आहे. खांद्यावरचा व्रण दिसतो, आणि सवयीप्रमाणे ते अजूनही त्याच कोपऱ्यात अंग घासायला येते.

या आठवड्यात थोडा वेळ काढून आपल्या कुंपणाच्या प्रत्येक खांबाजवळ एकदा वाकून पाहावे, एवढीच विनंती.