नव्याण्णव टक्के कुणाचे?



हा विषय स्थानकात निघत नाही, महिला मंडळातही नाही. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आपण अजून कुजबुजतोच. इथे खराडीत आयटीतल्या शिकल्यासवरल्या सुना-लेकी भरपूर. त्यांचंही उत्तर ठरलेलं, "काकू, गोळी नव्याण्णव टक्के सेफ असते."

मी कॉमर्सची. टक्के दिसले की कशाचे आणि किती काळाचे, हे आधी विचारते. ते नव्याण्णव टक्के एकही गोळी न चुकवणारीचे. प्रत्यक्ष वापरात वर्षभरात शंभरातल्या साधारण ७ जणींना दिवस जातात. निरोधचा आकडा नेमक्या वापरात २, प्रत्यक्षात १३. "आम्ही आमचं सांभाळतो" म्हणणाऱ्यांत २०. आणि हा हिशेब एकाच वर्षाचा! १३ टक्के दरवर्षी तसेच धरले तर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या जणी. तांबीत मात्र वर्षाला शंभरात एकसुद्धा नाही, कारण तिथे रोज काही आठवावं लागत नाही.

आता आपली घरं बघा. रात्री झोपताना गोळी घ्यायची सवय, आणि चातुर्मासात चौविहार सुरू. पर्युषणात अठ्ठाई केली तर कितीतरी जणी आठ दिवस औषधही बंद ठेवतात. लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या तरी पुन्हा सलग सात दिवस घेऊन होईपर्यंत निरोध वापरावा लागतो; इथे तर आठ चुकल्या. तपस्विनीची मिरवणूक आपण थाटात काढतो, पण हे तिला कुणी सांगत नाही. गोळीच हवी असेल तर वेळ सकाळी नवकारसीनंतरची ठेवावी. मोठं तप करायचं असेल तर आधीच डॉक्टरीणबाईंना विचारून तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन बघावं. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

कुणी म्हणेल, ब्रह्मचर्य पाळावं. साध्वीजी सांगतात ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. पण संसारी जोडपं "राहिलंच तर बघू" म्हणतं, त्या 'बघू'चा अर्थ आपल्याला माहीत आहे. अहिंसा मानणारी बाई तो अर्थ कुणाला सांगू शकत नाही, प्रतिक्रमणाला बसून एकटीच रडते. तिला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. मला राग येतो तो तिला खरा आकडा न सांगणाऱ्यांचा.

आणि हे सगळं बाईनेच का करायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, आणि फसण्याचं प्रमाण हजारात एक-दोन. फक्त ती लगेच लागू होत नाही. साधारण तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं, तोवर निरोध. जावयाला हे सांगायला लाज वाटत असेल तर मुलीकरवी सांगा.