चौकाला नाव, नागरिकाला नकार

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंड्रश’ हे जहाज लंडननजीकच्या टिलबरी बंदरात आले. त्यातून उतरलेल्या जमैकन बांधवांपैकी निराश्रितांना क्लॅपहॅमच्या भुयारी निवाऱ्यात जागा मिळाली. कामाच्या शोधात ते जवळच्या ब्रिक्स्टनला गेले आणि अनेक जण तेथेच स्थिरावले. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनच्या रुग्णालयांत, लंडनच्या बसगाड्यांवर या पिढीने घाम गाळला. त्या ऋणाचे स्मरण म्हणून १९९८ साली ब्रिक्स्टनमधील चौकास ‘विंड्रश स्क्वेअर’ हे नाव देण्यात आले. हा गौरव यथोचितच होता.

परंतु २०१० साली, नूतनीकरण झालेला हाच चौक खुला झाला त्या वर्षी, ब्रिटिश गृहखात्याने त्या पिढीची जुनी आगमनपत्रे नष्ट केली. पुढे पुरावा देता न आल्याने कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, औषधोपचार नाकारले गेले. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर धाडण्यात आले. २०१८ साली पंतप्रधान थेरेसा मे यांना क्षमा मागावी लागली.

नाव देणारी नगरपालिका वेगळी, कागद नष्ट करणारे खाते वेगळे, हे खरे. पण आयुष्य वेचणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने दोन्ही हात एकाच राज्यसंस्थेचे! वारशाचा सन्मान पाटीने आरंभ होतो. तो पूर्ण होतो वारसदाराला निर्भयपणे जगता येते तेव्हाच.